कोळशाच्या खाणींजवळील जमिनीची परीक्षा

वर्धा नदीच्या खोऱ्यांत वरोरा येथें इ. स. १८७१ मध्यें सरकारी कोळशाची खाण सुरू झाली. ती १९०६ सालीं बंद पडली; परंतु बल्लारपूर, घुग्गुस, माजरी, वणी, दुर्गापूर या बाजूंस खाणींचें काम वाढतच गेलें. १९७३ सालीं खाणींचें राष्ट्रीयीकरण झालें व पुढें उघड्या खाणींचें प्रमाण वाढलें. पूर्वीं कोळसा भुयारांतून निघे. आतां डोंगराएवढे मातीचे ढीग शेताच्या धुऱ्याशीं येऊन उभे राहतात, आणि कोळशाच्या वाहनांची धूळ कपाशीच्या पानांवर बसते. अशा ठिकाणच्या शेतकऱ्यास एकच प्रश्न पडतो : आमची जमीन बिघडली काय, आणि बिघडली असल्यास किती? या प्रश्नाचें उत्तर डोळ्यांनीं मिळत नाहीं. तें पद्धतशीर परीक्षेनेंच मिळतें. ती पद्धत या लेखांत सांगावयाची आहे.

दूषित द्रव्यें कोणतीं?

‘सेंद्रिय’ हा शब्द आपण शेणखताच्या संबंधानें वापरतों, म्हणून तो ऐकतांच बरें वाटतें. रसायनशास्त्रांत मात्र कर्बयुक्त अशा बहुतेक सर्व पदार्थांस हें नांव आहे, व त्यांत विषारी पदार्थही येतात. कोळशाच्या संबंधांत मुख्य ते ‘पॉलिसायक्लिक अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन’ अथवा थोडक्यांत पी.ए.एच. होत. कर्बाच्या अणूंचीं कडीं एकमेकांस जोडून हे बनतात. दोन कड्यांचें नॅफ्थॅलीन आपणांस कपड्यांतील डांबराच्या गोळ्यांमुळें परिचित आहे. तें हवेंत लवकर उडून जातें. पांच कड्यांचें बेंझोपायरीन मात्र मातीस चिकटून वर्षानुवर्षें राहतें. लंडन येथील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७५ सालीं धुराडीं साफ करणाऱ्यांस होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशीं जोडला होता. पुढें १९३३ सालीं कोळशाच्या डांबरांतून बेंझोपायरीन वेगळें काढण्यांत आलें, व आज तें मनुष्यास कर्करोगकारक म्हणून मान्य आहे.

हीं द्रव्यें शेतांत दोन वाटांनीं येतात. एक, कच्च्या कोळशाची धूळ. हिच्यांतील द्रव्यें कणांत कोंडलेलीं असल्यामुळें सावकाश सुटतात. दुसरी, जळणाचा धूर; आपोआप पेट घेणारे कोळशाचे ढीग, वीटभट्ट्या, वाहनांचा धूर, आणि आपण स्वतः जाळलेली पऱ्हाटी हीं सर्व यांत येतात. म्हणून सर्व दोष खाणीकडे लावण्यापूर्वीं प्रयोगशाळेस ‘फ्लुओरँथीन’ व ‘पायरीन’ यांचें परस्पर प्रमाण विचारावें. दोहोंच्या बेरजेंत फ्लुओरँथीनचा वांटा ०.४ हून कमी असल्यास न जळलेल्या तेलकट पदार्थांकडे, ०.४ ते ०.५ असल्यास तेलाच्या जळणाकडे, व ०.५ हून अधिक असल्यास कोळसा, लांकूड अथवा गवत यांच्या जळणाकडे बोट जातें. हा संकेत आहे, निकाल नव्हे. इतर खुणांशीं जुळवूनच तो ग्राह्य धरावा.

नमुना कसा घ्यावा?

१. पीक निघाल्यावर व खत टाकण्यापूर्वीं नमुना घ्यावा. धुरा, उकिरडा, झाडाखालची व विहिरीजवळची जागा टाळावी.

२. खाणीच्या अथवा वाहतुकीच्या रस्त्यापासून सुमारें ५०, २००, ५०० व १००० मीटर अशा अंतरांवर, एकाच जातीच्या जमिनींत नमुने घ्यावे. वाऱ्याच्या उलट बाजूस, धूळ न पोंचणाऱ्या शेताचा एक नमुना तुलनेसाठीं अवश्य घ्यावा. हा नसेल तर बाकीच्यांस अर्थ उरत नाहीं.

३. प्रत्येक ठिकाणीं नागमोडी चालीनें दहा-पंधरा जागांची माती एकत्र करावी. आपल्या काळ्या जमिनीस उन्हाळ्यांत भेगा पडतात व वरची धूळ खोल जाते. म्हणून ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असे दोन थर निराळे ठेवावे.

४. पी.ए.एच.चा नमुना कांचेच्या बरणींत, झांकणाखालीं अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लावून, अंधारांत व बर्फावर पाठवावा. तो प्लॅस्टिकच्या पिशवींत घालूं नये व उन्हांत वाळवूं नये. नेहमींच्या माती-परीक्षणाचा नमुना निराळा घेऊन सावलींत वाळवावा.

अहवाल कसा वाचावा?

पोलंड हा कोळशाच्या खाणींचा देश. तेथील शेतजमिनींसाठीं १९९६ सालीं सुचविलेली प्रतवारी पुष्कळ ठिकाणीं वापरली जाते. सोळा पी.ए.एच.ची बेरीज एक किलो मातींत २०० मायक्रोग्रॅमच्या आंत असल्यास जमीन निर्दोष, २०० ते ६०० किंचित दूषित, ६०० ते १००० दूषित, व १००० च्या वर फार दूषित समजावी.

याहून अधिक फसवा आंकडा सेंद्रिय कर्बाचा आहे. नेहमींच्या परीक्षेंत कोळशाच्या धुळींतील कर्बाचा कांहीं भागही मोजला जातो. समजा, दूरच्या शेतांत कर्ब ०.५० टक्के व एकूण नत्र ०.०४५ टक्के निघालें. म्हणजे प्रमाण सुमारें ११ ला १. रस्त्यालगतच्या शेतांत कर्ब १.२० व नत्र ०.०५० निघालें, म्हणजे २४ ला १. चांगल्या कुजलेल्या जमिनींत हें प्रमाण १० ते १२ च्या आसपास असतें. अर्थात् दुसऱ्या शेतांतील जादा कर्ब बहुतांशीं कोळसाच होय, आणि कोळसा पिकास नत्र देत नाहीं. परंतु ०.७५ टक्क्यांवरील कर्ब पाहून ‘जमीन सकस’ असा शेरा पडतो व नत्राची मात्रा कमी केली जाते. खतास मुकलेली कपाशी मग पिवळी पडते, आणि शेतकरी दैवास दोष देतो! म्हणून कर्बाबरोबर एकूण नत्र तपासून घेतल्याशिवाय त्या शेऱ्यावर विसंबूं नये.

उपाय

जमीन दूषित निघाली तरी एकदम हताश होऊं नये. जड पी.ए.एच. मुळांवाटे पिकांत फारच थोडीं शिरतात; खरी भीति पानांवरील धुळीची व कंदांच्या सालीची आहे. सबब वाहतुकीच्या रस्त्यालगत पालेभाज्या, मुळा, गाजर घेऊं नयेत. पालेभाजी नीट धुवावी, कंद सोलून खावे. धुऱ्यावर दाट झाडांची रांग लावावी. कुजलेलें शेणखत भरपूर घातल्यास हलकीं द्रव्यें फोडणाऱ्या सूक्ष्म जीवांस बळ मिळतें. पऱ्हाटी न जाळतां कुजवावी. जड धातु व आम्लयुक्त पाणी यांची तपासणी निराळी असते; तीही करून घ्यावी.

शेवटीं एक सूचना. महसुलाच्या दप्तरांत आमचें आयुष्य गेलें. जी गोष्ट कागदावर नाहीं ती सिद्ध करणें किती कठीण, हें आम्हीं नित्य पाहिलें आहे. नमुना घेतांना गट नंबर, तारीख, खोली, अंतर व वाऱ्याची दिशा दोन शेजाऱ्यांसमक्ष लिहून सह्या घ्याव्या, व अहवालाची प्रत सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत जपून ठेवावी. ज्यांच्या शिवारांत खाण अद्याप यावयाची आहे, त्यांनीं तर ती येण्यापूर्वींच परीक्षा करून घ्यावी. जमीन आधीं कशी होती याचा पुरावा खाण सुरू झाल्यावर कोणासही निर्माण करतां येत नाहीं.