समुद्राकडे निघालात, तर एवढं ऐका

पोरांनो, सुट्टीत मुरुडकडे फणसाड-काशीदला जायचं ठरवलंत, बरं केलंत. तिथं एकाच मुक्कामात रानवाटा, खाडीचं खाजण आणि पांढऱ्या वाळूचा किनारा, तिन्ही बघायला मिळतात. सुरगाण्याच्या पोराला रान शिकवावं लागत नाही. समुद्र मात्र शिकावा लागतो. आपली नार नदी चढते तेव्हा आधी पाणी गढूळतं, पालापाचोळा वाहत येतो आणि आपण काठ सोडतो. समुद्र लख्ख उन्हातही चढतो, तोही दिवसातून दोनदा.

तिथी बघून निघा. कोळी मंडळींचा हिशेब पाठ करा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ६ च्या सुमारास भरती आणि दुपारी १२ च्या आसपास पूर्ण ओहोटी. एकादशीला भरती सव्वाआठच्या सुमारास. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात लांब ओसरतं. खडकांवर जायचं तर ओहोटी लागल्यावर जा आणि पाणी फिरायच्या आत परत या. हा अंदाज आहे, म्हणून वेळ गावातल्या कोळ्याकडून पक्की करून घ्या.

शांत पाण्याला भुलू नका. दोन्ही बाजूंना लाटा फुटतात आणि मधला पट्टा गुळगुळीत दिसतो, तिथूनच पाणी आत ओढतं. आपण डोहात पोहणारे, त्या भरवशावर तिथं गुडघ्यापुढे जायचं नाही. ओढलं गेलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला सरका, मग लाटेबरोबर बाहेर या. पावसाळ्यात पाण्यात उतरूच नका.

खाजणात पाय टाकण्याआधी काठी टाका. वरून सुकलेला दिसणारा चिखल आत मांडीपर्यंत घेतो. रुतलात तर पाय हिसकू नका. मागे रेलून बसा, अंगाचा भार पसरा आणि पाय हळूहळू हलवत सोडवा. तिवराच्या झाडाभोवती चिखलातून बोटभर कोंब वर आलेले दिसतील, त्या त्याच्या श्वास घेणाऱ्या मुळ्या. त्या तुडवू नका. मासळीची पिल्लं आणि चिंबोऱ्या त्याच आडोशाला वाढतात, त्यावर कोळ्याचं घर चालतं.

रानात पहाटे शिरा, आणि गलोल घरीच ठेवा. फणसाड हे जंजिऱ्याच्या नबाबाचं शिकारीचं राखीव रान होतं, १९८६ साली ते अभयारण्य झालं. सुपेगावकडून आत जाता येतं. तिथल्या पाणवठ्याला गाण म्हणतात. उन्हाळ्यात गाणापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, न बोलता बसा. वरच्या फांद्यांवर लक्ष ठेवा. पानं सळसळली आणि झुपकेदार शेपटी लोंबताना दिसली, की तो शेकरू. त्याला खाऊ टाकायचा नाही, दगड तर नाहीच.

तिथल्या माणसाचं ऐका. आपल्याकडे आलेला पाहुणा भिवतासच्या धबधब्याजवळ निसरड्या खडकावर जायला लागला की आपण त्याला हाक मारून थांबवतो. तो ऐकत नाही तेव्हा जीव तुटतो. तिथं पाहुणे तुम्ही आहात. कोळी ‘नको’ म्हणाला, की नको.