झेनचं इंजिन बदलायचंय म्हणतोस?

इंजिन शोधायला बाहेर पडायच्या आधी आहे ते खरंच गेलंय का, ते बघ. मिस्त्री म्हणाला 'इंजिन बसलं, बदलून टाका', म्हणून ते बसलेलं नसतं. त्याला गाडी लवकर मोकळी करायची असते, आणि इंजिन खोलून मापं घेत बसण्यापेक्षा जुन्या बाजारातलं आणून टाकणं त्याला सोपं पडतं. त्याच्यावर रागावू नकोस, पण त्याच्या शब्दावर पैसेही काढू नकोस.

धूर कधी येतो ते नीट आठव. सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारल्यावर निळा भपकारा आला आणि मग साफ झाला, किंवा कात्रजचा उतार गिअरमध्ये उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दिला की मागच्या गाडीवाल्याला दिसेनासं झालं, तर बहुतेक व्हॉल्वची ऑइल सीलं कडक झालीत. त्याला इंजिन बदलावं लागत नाही. चढावर दाबलं की सतत निळा धूर, तेल प्यायला लागलंय, ऑइल भरायचं झाकण उघडलं की आतून फुसफुस वारा हाताला लागतो, तर मात्र रिंगांचं काम आहे. वरून येणारी टिकटिक टॅपेटची असते, तिला घाबरू नकोस. खालून जड खटखट येत असेल आणि ऑइलचा लाल दिवा रेंगाळत असेल, तर गाडी तिथंच उभी कर आणि टो करून ने. चालवत नेलीस तर बेअरिंगवर भागलं असतं ते क्रँकपर्यंत जाईल.

मग कॉम्प्रेशन घ्यायला लाव, आणि समोर उभा राहा. इंजिन गरम पाहिजे, चारही प्लग काढलेले पाहिजेत, बॅटरी दमदार पाहिजे आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला पाहिजे. यातलं एक चुकलं तरी आकडे खोटे येतात. चांगल्या झेनला चौदा किलोच्या आसपास येतं. बाराच्या खाली गेलं की दिवस भरत आले. पण नुसत्या आकड्यापेक्षा चार सिलिंडरांमधला फरक बघ, तो एक किलोच्या आत हवा. एखादं सिलिंडर कमी दिसलं, तर त्याच्या प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोड आणि परत घे. आकडा चढला तर रिंगा गेल्या, तेलानं तात्पुरती फट बुजवली. चढला नाही तर व्हॉल्व धरत नाही, म्हणजे हेडचं काम. शेजारशेजारची दोन सिलिंडरं सारखीच पडली असतील, तर मधलं गॅस्केट उडालंय. एवढ्या एका तपासणीनं निम्म्या लोकांचा इंजिन बदलायचा खर्च वाचेल, पण गेज काढायचा कंटाळा सगळ्यांनाच.

आता तुझ्या गाडीत आहे काय ते समजून घे. झेन १९९३ साली आली ती ९९३ सीसीचं, चार सिलिंडरचं, सगळं ॲल्युमिनियमचं इंजिन घेऊन. ताकद पन्नास बीएचपी. त्या काळात एवढ्या हलक्या गाडीला ते भरपूर होतं, आजही गावात कुणाला ऐकत नाही. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये लोखंडी लायनर आहेत, त्यामुळं बोअर करता येतो. शत्रू एकच, उष्णता. पाणी संपलं, पंखा लागला नाही, काटा वर गेला आणि तरीही गाडी घरापर्यंत ओढली, की हेड वाकतं. ते वाकलंय का, हे पट्टी आडवी ठेवून फीलर गेजनं बघतात. पाच शतांश मिलिमीटरचं पातं खालून सहज सरकलं की फेसिंग करायला पाहिजे.

झेन २००६ साली बंद झाली. म्हणजे बाजारात 'फ्रेश, कमी चाललेलं' म्हणून जे इंजिन तुला दाखवतील, ते जवळपास वीस वर्षांचं तरी असणारच, आणि तुझ्यासारख्या कार्बोरेटरवाल्या गाडीचं असेल तर त्याहून जुनं. कुणाचं होतं, किती तापलं होतं, ऑइल कधी बदललं होतं, काही पत्ता नाही. तुझ्या इंजिनाचा इतिहास तुझ्या बापानं डायरीत लिहून ठेवलाय. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: ब्लॉक फुटलेला नसेल आणि क्रँक दोनदा घासून झालेली नसेल, तर तुझंच इंजिन बांध. इथं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेड फेसिंग एका गल्लीत होतं. इथल्या लोकांचे हात ऑइल इंजिनांच्या काळापासून बसलेले आहेत. पण एक धर: पिस्टन आधी आण, मग बोअर कर. जो बोरिंगवाला पिस्टन हातात घेऊन मोजल्याशिवाय मशीनवर ब्लॉक चढवतो, त्याच्याकडून ब्लॉक उचलून आण. ओव्हरसाइज पिस्टन पाव मिलिमीटरचा आणि अर्ध्याचा. पहिल्यांदा पाववर भागतंय का बघायचं. थेट अर्ध्यावर जाणारा माणूस तुझी पुढची संधी आजच खर्च करतो.

ब्लॉकच गेला असेल, रॉड बाहेर आला असेल, तर मग दुसरं इंजिन. तेव्हा क्रम असा ठेव: पहिलं तुझंच, म्हणजे कार्बोरेटरचं ९९३. त्यात पूर्ण इंजिन घ्यायची गरज नाही, हाफ इंजिन बघ. ब्लॉक, क्रँक, पिस्टन एवढं त्याचं आणि बाकी हेड, मॅनिफोल्ड, डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर तुझ्या गाडीचं. स्वस्त पडतं आणि वायरिंगला हात लागत नाही.

दुसरा क्रमांक नंतरच्या झेनचं एमपीएफआय, म्हणजे पेट्रोल इंजेक्शनचं. सीसी तेवढीच, ताकद साठच्या घरात, थंडीत चोक ओढायची कटकट नाही. ऐकायला छान. पण त्याच्यासोबत ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर लागतो, सगळं वायरिंग लागतं, सेन्सर लागतात. कार्बोरेटरला इंजिनावरचा साधा पंप चालतो. इंजेक्शनला टाकीत बसणारा इलेक्ट्रिक पंप लागतो, म्हणजे टाकी आली, पेट्रोल परत आणणारी नळी आली. काही गाड्यांना इमोबिलायझर होता, तिथं चावी, डबा आणि ईसीएम तिन्ही एकाच गाडीचं नसेल तर सेल्फ फिरत राहील आणि गाडी चालू होणार नाही. म्हणून एमपीएफआय घ्यायचंच असेल तर सुटं इंजिन घेऊच नकोस. मागून ठोकलेली अख्खी झेन मिळते का बघ. वायरिंग कापलेलं नसतं, क्लिपा शाबूत असतात, नटबोल्टसुद्धा जागच्या जागी असतात. इंजिनाच्या किमतीवर जाऊ नकोस, ते बसवायला आणखी काय काय लागतं त्याची यादी कागदावर लिही. ती यादी पानाच्या खाली गेली की समज, आपण चुकीचं इंजिन निवडतोय.

आता तुझ्या मनातलं बोलतो. एस्टीमचं १३००. मला माहीत आहे तुझ्या मित्रानं केलंय, आणि मला हेही माहीत आहे की ते बसतं. घराणं एकच, फाउंडेशन आणि गिअरबॉक्सचं हाउसिंग जवळजवळ बिनबोभाट जुळतं. सोळा व्हॉल्वच्या एस्टीमला ८५ बीएचपी. पावणेआठशे किलोच्या आसपासच्या गाडीत ते टाकल्यावर काय होतं हे सांगायला नको. नाद खुळा! मीही अशा गाड्या चालवल्यात आणि हसत हसत उतरलोय. पण ब्रेक पन्नास बीएचपीचेच राहतात. रेडिएटर लहान, क्लच लहान, टायर अरुंद. हे सगळं बदलायचं तर पैसे इंजिनाच्या दुप्पट जातात, आणि न बदलता चालवायचं तर मी तुझ्या आईला तोंड दाखवू शकत नाही. शिवाय कागद. त्याच्याकडं येतोच.

बाकीची नावं पटकन उडवून टाकू. झेन डिझेलचं १५२७ सीसीचं प्यूजोचं इंजिन जड आहे, फाउंडेशन वेगळं, आणि त्याचे सुटे भाग शोधण्यात तुझं तारुण्य जाईल. वॅगनआरचं १०६१ वेगळ्या घराण्यातलं, ब्रॅकेट बनवत बसावं लागेल. के-टेन तीन सिलिंडरचं आणि पूर्ण इलेक्ट्रॉनिक, चांगलं इंजिन आहे, तुझ्या गाडीसाठी नाही. जिप्सीचं १३०० कुणीतरी 'मिलिटरीचा माल' म्हणून दाखवेल. जिप्सीत इंजिन उभं बसतं, तुझ्या गाडीत आडवं. ब्लॉक ओळखीचा वाटला तरी बाहेरचं सगळं उलटसुलट असतं.

बाजारात गेलास, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जा नाहीतर इथं ये, तर धुऊन चंदेरी रंग मारलेलं इंजिन पहिल्यांदा बाजूला ठेव. मळकट, तेलकट, धूळ बसलेलं इंजिन खरं बोलतं. गळती कुठून आहे हे मळ सांगतो, रंगानं ते झाकतात. मग हेडच्या बोल्टांची डोकी बघ. पान्यानं कडा घासल्यात, शेजारी चकचकीत ओरखडे आहेत, तर हेड कुणीतरी उघडलंय. उघडणं हा गुन्हा नाही, का उघडलं ते विचार. सम्पच्या कडेनं सिलिकॉन बोटभर बाहेर आलेलं असेल, तर आतही तेवढंच गेलंय, आणि ते सुटून ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतं. ऑइलचं झाकण उघड, खाली पांढरी साय दिसली तर पाणी मिसळलंय. सम्पचा नट सोडून थोडं तेल पांढऱ्या फडक्यावर घे आणि उन्हात धर. काळं असू दे, काळ्याला हरकत नाही. चांदीसारखी चमक दिसली तर ॲल्युमिनियम झिजतंय, तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन तांबं लागलंय. तांबं दिसलं की पुढं बोलायचं नाही, चहा पिऊन निघायचं.

प्लग काढून क्रँकच्या पुलीला सॉकेट लाव आणि हातानं दोन पूर्ण फेऱ्या फिरव. कुठं अडकतंय का, कुठं एकदम सैल वाटतंय का, हे मनगटाला कळतं. पुली धरून आत-बाहेर ओढ. टकटक हाताला लागली तर थ्रस्ट वॉशर गेले. पाण्याच्या बाजूच्या पत्र्याच्या वाट्यांवर, म्हणजे वेल्च प्लगांवर, गंजाचे फोड दिसले तर त्या मालकानं कूलंट कधी घातलंच नव्हतं, नळाच्या पाण्यावर भागवलं. आणि जमलं तर तिथंच सेल्फ लावून कॉम्प्रेशन घे. विकणारा 'वेळ नाही' म्हणाला तर आपल्यालाही नाही.

कागदांचं ऐक, इथं तुम्ही पोरं कान बंद करता. इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीतल्या फेरबदलांबद्दलच आहे. इंजिन बदललं की चौदा दिवसांत आरसीसह आरटीओला कळवायचं असतं. मी म्हणतो, बदलायच्या आधीच जाऊन विचार. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंपनीनं ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. आता सांग, ९९३ सीसीच्या आरसीवर १२९८ चा ब्लॉक कसा बसवणार? पंधरा वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला इन्स्पेक्टर बॉनेट उघडून नंबर ताडतो. अपघात झाला तर विमावाला उघडतो, आणि त्याला उघडण्यात जास्त रस असतो. म्हणून तेच मॉडेल, तीच सीसी, तेच इंधन. विकणाऱ्याकडून इंजिन नंबर लिहिलेलं पक्कं बिल, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रत आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत घे. ब्लॉकवरचा नंबर स्वतः बोट फिरवून वाच. घासलेला, खोदून पुन्हा ठोकलेला वाटला तर फुकट दिलं तरी नको. चोरीच्या गाडीचं इंजिन तुझ्या बॉनेटखाली सापडलं तर खुलासा तुला करावा लागतो, त्याला नाही.

चेन पुलीला इंजिन लटकतंय तोवर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचं मागचं सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग हे सगळं नवीन घाल. नंतर यातलं मागचं सील बदलायचं म्हटलं तरी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि मजुरी वस्तूच्या कितीतरी पट होते. फाउंडेशनचे रबरही बदल, नाहीतर बांधलेलं इंजिन थरथरेल आणि तू बांधणाऱ्याला शिव्या देशील. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र विचारून घे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, आणि तुझ्या गाडीच्या काळातलं रबर त्यासाठी केलेलं नाही. इथेनॉलला चालणाऱ्या नळ्या मिळतात, त्याच घाल. कार्बोरेटरचं किटही त्याच वेळी उरकून घे. रेडिएटर बाहेर काढून साफ करून आण. गाळानं भरलेल्या रेडिएटरवर नवं इंजिन चढवणाऱ्या लोकांचीच इंजिनं वर्षात परत येतात.

चालू झाल्यावर पहिले हजार किलोमीटर सांभाळून. एकाच वेगात तासभर पळवू नकोस, दाबू नकोस, चढाला वरच्या गिअरमध्ये कण्हायला लावू नकोस. हजारला ऑइल आणि फिल्टर बदल, तेल कितीही स्वच्छ दिसलं तरी. टॅपेटही तेव्हाच बघून घे.

आणि जुना ब्लॉक. आरटीओची नोंद होऊन नवा नंबर आरसीवर चढेपर्यंत तो भंगारवाल्याला द्यायचा नाही, तुझ्या पार्किंगच्या कोपऱ्यात पोत्याखाली पडू दे. सेल्फ, अल्टरनेटर, कार्बोरेटर काढून डब्यात भरून ठेव, पुढं मागं उपयोगी पडतील. ब्लॉक विकशील तेव्हा घेणाऱ्याचं नाव, तारीख आणि इंजिन नंबर लिहून त्याची सही घे, आणि तो कागद डायरीत ठेव.