'हमारा शहर' : वस्तीने विचारलेला प्रश्न

अनुबोधपट म्हटला की धरणे, कारखाने आणि निवेदकाचा भारदस्त आवाज एवढेच आपल्याला आठवते. आनंद पटवर्धन यांचा 'हमारा शहर' (१९८५) या साच्यात बसत नाही. मुंबईच्या पदपथांवर व झोपड्यांत राहणाऱ्यांचे रोजचे जगणे हा त्याचा विषय.

काळही ध्यानात घ्यावा लागतो. १९८१ च्या ऐन पावसाळ्यात पदपथवासीयांना हुसकावण्याचा निर्णय शासनाने घेतला. १९८५ च्या ओल्गा टेलिस निकालात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात समाविष्ट केला. तरी झोपड्या हटविण्याचा महापालिकेचा अधिकार कायमच राहिला.

एकीकडे शहर सुंदर करण्याच्या सुखवस्तू गप्पा, दुसरीकडे मोडलेले संसार, आणि मधून विलास घोगरे यांचे गाणे, अशी या चित्रपटाची मांडणी आहे. परंतु मला महत्त्वाचा वाटतो तो एकच प्रसंग. बेघर झालेली एक बाई दिग्दर्शकालाच सुनावते की, गरिबांची चित्रे घेऊन तुम्ही नाव मिळवाल, आमच्या पदरात काय पडणार? हा प्रश्न संकलनात सहज कापता आला असता. पटवर्धनांनी तो ठेवला. १९८६ मध्ये संजय गांधी नगरच्या झोपडीवासीयांसाठी ते उपोषणालाही बसले.

आपणही समाजशास्त्राच्या प्रश्नावल्या घेऊन नागपूरच्या वस्त्यांत जातो. उत्तरे लिहून घेतो, गुण मिळवतो. त्या बाईचा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. निदान आपला अहवाल त्या वस्तीत वाचून दाखवावा, आणि तेथील आक्षेप अहवालातच नोंदवावेत, असे मला वाटते.