गोळी देऊ, पण जेवणाचं काय?

पालकहो, शाळेतल्या आरोग्य तपासणीचे कागद तुमच्या हाती पडले असतील. मुलीच्या नावापुढे ‘एचबी’चा, म्हणजे हिमोग्लोबिनचा, कमी आकडा बघून काही जण घाबरले, काहींनी कागद घडी घालून ठेवून दिला. जे भेटायला आले त्यांचं मागणं मात्र एकच होतं: “डॉक्टर, एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या.”

टॉनिक लिहून देणं मला सगळ्यात सोपं आहे. पण नववीतल्या एका मुलीशी झालेलं बोलणं सांगते. पापणी खाली ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. आकडा साडेआठ, या वयात तो किमान बारा हवा. सकाळी काय खाल्लं विचारलं तर म्हणाली, “चहा.” त्यासोबत? “एक टोस्ट.” वस्तीवरून येणारी एसटी सव्वासहाची, त्यानंतरची थेट शाळा सुटायच्या सुमाराला. आई दिवस उजाडायच्या आत कापूस वेचायला जाते, म्हणून डब्यात रात्रीची भाकरी. बाकीच्या मुलींसमोर तो डबा उघडायची हिला लाज वाटते, मग मधल्या सुट्टीत पाच रुपयांचा कुरकुऱ्यांचा पुडा. आणि पाणी? ते ती पीतच नाही, कारण मुलींच्या संडासाच्या दाराला कडी नाही.

आता सांगा, यातल्या कशावर टॉनिक चालेल?

आपल्याकडे आठवीपर्यंत शालेय पोषण आहार मिळतो. मुलं त्याला सरसकट ‘खिचडी’ म्हणतात. नववीत गेलं की तो बंद. म्हणजे पाळी सुरू होऊन दर महिन्याला रक्त जायला लागलेलं असतं, उंची वाढत असते, आणि नेमकं तेव्हाच दुपारचं गरम ताट समोरून उचललं जातं. हे धोरण आहे, ते तुम्ही-मी घरात बसून बदलू शकत नाही. पण पोरगी आळशी झाली, अभ्यासात लक्ष नाही, सारखी झोपते, असं म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्यायला हवं.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, पुरुषांमध्ये 25 टक्के. पाळी आणि बाळंतपणं हे त्याचं एक कारण आहेच. पण पाळी जगभरच्या बायकांना येते, आणि सगळ्याच देशांत निम्म्याहून अधिक बायका अशा फिकट नसतात. चूल एक, डाळ एक, तरी फरक पडतो, कारण वाढायचा क्रम ठरलेला आहे. आधी पुरुष, मग मुलगे, मग मुली, आणि शेवटी खरडलेल्या पातेल्याशी आई. मी आयांना दोष देत नाही. त्यांचं स्वतःचं रक्त तपासलं तर मुलीपेक्षा कमी निघेल. अंडं भावाच्याच ताटात का, असं मी एका घरी विचारलं तेव्हा आजी म्हणाल्या, “तो कबड्डी खेळतो ना.” मुलगी रोज दोन घागरी डोक्यावरून आणते, तो खेळ कुणी मोजत नाही.

हे कोडं नवं नाही. जामखेडला 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आरोग्याचं काम सुरू केलं. नुसत्या औषधांनी भागत नाही, हे त्यांनी ओळखलं. मग पिण्याचं पाणी, धान्य, जातीची शिवाशिव, बाईला घरात असलेली किंमत या सगळ्याला त्यांनी हात घातला आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. आजही आपल्याला त्याच वाटेनं जावं लागेल.

गोळीचं काय, तर ती घ्यायचीच. शाळेत आठवड्याला मिळते ती निळी लोहाची गोळी रक्त कमी होऊ नये म्हणून आहे. आधीच कमी असेल त्यांना ती पुरत नाही, त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून रोजचा डोस ठरवून घ्यावा. उपाशीपोटी घेतली की मळमळतं आणि मुली गुपचूप फेकून देतात, म्हणून जेवणानंतर द्या. गोळीनं शौचाला काळं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जेवणावर लगेच चहा नको, त्यानं लोह अंगी लागत नाही. त्यापेक्षा वरणावर लिंबू पिळा. जंताची गोळी चुकवू नका. विदर्भात किंवा सातपुड्याच्या पट्ट्यात मूळ असलेल्या घरांनी सिकलसेलची तपासणीही करून घ्यावी, तिथे कारण वेगळं असू शकतं.

आणि रात्री एकदा सगळे मिळून जेवून बघा. कमीजास्त असेल ते सगळ्यांना सारखं कमीजास्त.

येत्या पालकसभेत दोन विषय घ्यायचं मुख्याध्यापकांनी कबूल केलं आहे: संडासाची कडी आणि एसटीची वेळ. आगाराला द्यायच्या अर्जावर सह्या लागतील. सभेला नेहमी आयाच येतात. या खेपेला वडिलांनी अर्धा दिवस काढावा, कारण खर्चाचं आणि ताटाचंही बोलायचं आहे, आणि घरी त्यांचा शब्द चालतो.