वैनगंगेपल्याडचं आकाश

सह्याद्रीत किंवा कोकणात हिवाळी भटकंती करणाऱ्यांनी चंद्रपूर-गडचिरोलीला निघताना आधी घड्याळाचा हिशेब बदलावा. हा मुलूख इतका पूर्वेला आहे की सूर्य मुंबईपेक्षा सुमारे 25 मिनिटं आधी उगवतो आणि मावळतोही. डिसेंबरात पावणेसहाच्या आत सूर्य बुडतो, सातला गडद अंधार. जंगलातली पायपीट चारपर्यंत आटोपायची.

दुसरा हिशेब कपड्यांचा. समुद्र दूर, त्यामुळे दिवसाची ऊब रात्री धरून ठेवायला हवेत ओलावा नसतो. दुपारी पारा 28-29 अंशांवर असतो आणि पहाटे 10 ते 13 वर येतो. उत्तरेकडून थंडीची लाट आली की आणखी खाली. दुपारी सुती सदरा पुरतो. पहाटे ताडोबाच्या मोहर्ली किंवा कोलारा गेटमधून उघड्या जिप्सीत बसलात की मात्र कानटोपी, हातमोजे आणि अंगावर घ्यायला ब्लँकेट लागतंच. जड थंड हवा नाल्यांच्या खोलगट भागात साचते. गाडी उतारावरून खाली गेली की गारवा एकदम झोंबतो. (ताडोबाचं कोअर क्षेत्र मंगळवारी बंद असतं, हे विसरून येणारे दरवर्षी भेटतात.)

आता आकाश. वाघासाठी ताडोबाला या, ताऱ्यांसाठी नको, असं माझं स्पष्ट मत आहे. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी आणि शहराचे दिवे यांचा उजेड मोहर्लीच्या बाजूने क्षितिजावर पसरलेला दिसतो. त्यात हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगत थंड हवा आणि तिच्यावर उबदार थर बसतो, म्हणून धूर आणि धूळ वर जातच नाही. खरा अंधार हवा असेल तर वैनगंगा ओलांडा. आलापल्लीच्या पुढे भामरागड, हेमलकसा किंवा दक्षिणेला सिरोंचा. अमावास्येच्या आगेमागचे दिवस निवडा.

वेळही महत्त्वाची. संध्याकाळी गावातल्या चुलींचा आणि शेकोट्यांचा धूर खालीच रेंगाळतो. नऊनंतर तो विरतो. पहाटे नदीकाठी धुकं चढतं, मग ते वैनगंगेवरचं मार्कंडा असो की भामरागडचा इंद्रावती-पर्लकोटा-पामुलगौतमीचा संगम. म्हणून रात्री नऊ ते दोन हा वेळ सोन्याचा. दहिवर इतकं पडतं की दुर्बिणीची काच ओली होते. सुकं फडकं जवळ ठेवा. बंगालच्या उपसागरात चक्रीवादळ असेल तर दोन-तीन दिवस ढग हटत नाहीत आणि रात्री उबदार होतात. तेव्हा निघण्याआधी हवामान खात्याचा अंदाज बघावा.

उत्तरेला ध्रुवतारा क्षितिजापासून दोन मुठी वर दिसतो, हात लांब करून मूठ धरली तर. जानेवारीत साडेदहा-अकराला दक्षिणेकडे वळा: व्याधाच्या बरंच खाली, दोन मुठींपेक्षा जरा कमी उंचीवर, अगस्त्य असतो. उत्तर भारतात तो क्षितिजाला टेकलेला असतो, इथे आरामात दिसतो. बाराच्या सुमारास ईशान्येला सप्तर्षी पूर्ण वर येतात. मयंक वाहिया आणि गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांत फिरून तिथलं आकाशज्ञान नोंदवलं. त्यात सप्तर्षींतले चार तारे म्हणजे खाट आणि मागचे तीन म्हणजे चोर. गावात मुक्काम असेल तर म्हाताऱ्यांना ही गोष्ट जरूर विचारा. तारकानकाशापेक्षा गप्पा रंगतात. 13-14 डिसेंबरच्या रात्री मिथुनेतून उल्कांचा वर्षाव होतो, तोही इथून झकास दिसतो.

हे सगळं पाहायचं ते मुक्कामाच्या अंगणातून किंवा गच्चीवरून. रानात तंबू ठोकू नका, नाल्याकाठी तर नाहीच. या दोन्ही जिल्ह्यांत वाघ, बिबटे आणि अस्वलं गावांच्या शेजारीच वावरतात. राखीव जंगलात शेकोटीही नको. भामरागड, एटापल्लीकडे जाताना पोलीस ठाण्यात सांगून जा, ड्रोन घरीच ठेवा आणि नकाशे आधीच मोबाइलमध्ये उतरवून घ्या, पुढे रेंजचा भरवसा नाही. गडचिरोलीत मलेरिया थंडीतही असतो, तेव्हा मच्छरदाणी बरोबर हवी. आणि मध्यरात्री नुसतं लघवीला उठलात तरी बॅटरी घेतल्याशिवाय अंगणाबाहेर पाऊल टाकू नका.