रॅम्प झाला, पुढे काय?

प्रश्न : आमच्या तालुक्यातल्या वस्तुसंग्रहालयात रॅम्प झाला. आता अंधशाळेची मुलं येणार आहेत. सगळंच काचेआड, त्यांना दाखवायचं काय?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : मुलांना बोलावलंत, फार चांगलं केलंत. रॅम्पची सोय व्हीलचेअरसाठी. या मुलांच्या हाताला वस्तू लागायला हव्यात. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात 2015 मध्ये सुरू झालेलं ‘अनुभव’ दालन मूर्तींच्या प्रतिकृती हाताळण्यासाठीच आहे. तुम्हाला एवढा खर्चही नको. कुंभाराकडून जुन्या घटाची प्रतिकृती करून घ्या. जातं, पाटा-वरवंटा, अडकित्ता गावातच मिळतील. अडकित्त्याचं पातं तेवढं बोथट करा. मूळ वस्तू मात्र देऊ नका; घामाने तांबं-पितळ काळवंडतं. मांडणी आधी त्यांच्या शिक्षकांकडून तपासून घ्या. एका वेळी पाच-सहाच मुलं आत घ्या. कुणालाही ओढत नेऊ नका, आपला कोपर धरायला द्या.