माध्यमांतर : मृणालिनी मुखर्जी यांचे उदाहरण

कलावंताने माध्यम बदलले म्हणजे केवळ साहित्य बदलले, असा समज करून घेऊ नका. मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांचा जन्म मुंबईचा. शिक्षण बडोद्याला, के. जी. सुब्रमण्यन यांच्या मार्गदर्शनाखाली. रंगवलेल्या जाड दोरीला हाताने गाठी मारत त्यांनी प्रचंड शिल्पे उभारली. हे शिल्प की हस्तकला, असा वाद समीक्षकांत झाला. तो येथे बाजूला ठेवू. गाठ चुकली तर ती सोडवून पुन्हा मारता येते, हे मात्र ध्यानात घ्या. १९९० च्या दशकात त्या मातीकडे वळल्या. माती वाळताना आणि भाजताना आकसते, प्रसंगी तडकते. भट्टीत गेलेल्या आकारावर हाताची सत्ता उरत नाही. आमच्या मते त्यांच्या वाटचालीतील हे वळण सर्वांत कठीण होय. पुढे कांस्यात त्यांनी मेणाचा आकार घडवला. मेण वितळून जाते, त्या पोकळीत धातू उतरतो. तिन्ही माध्यमांत फुलणाऱ्या, उमलणाऱ्या वनस्पतींचे रूप मात्र कायम राहिले.

स्वाध्याय : तुमच्या वाचनातील एखादी कथा नाट्यरूपात आणताना काय आकसेल आणि काय टिकेल, ते सोदाहरण लिहा.